काइनपंथाचा अभ्यास कसा करावा

बायबलमध्ये दोषी ठरलेल्या काइन, एसाव, कोरह आणि सदोमच्या रहिवाशांना आपले मानणारा काइनपंथ आरंभीच्या नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानानेच मुक्ती मिळते असे मानणाऱ्या, पंथांमध्ये गणला जातो. मात्र त्याची जवळजवळ सगळी माहिती विरोधकांच्या लेखणीतून आलेली आहे, हे अभ्यासकाने क्षणभरही विसरू नये.

प्रथम मराठी पवित्र शास्त्रातील उत्पत्तीचा चौथा आणि गणनेचा सोळावा अध्याय सावकाश वाचावा. भाऊ हाबेल याचा खून करणाऱ्या काइनाला परमेश्वर शाप देतो, पण त्याला कोणी ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. कोरहाने मोशेविरुद्ध केलेल्या बंडाच्या वेळी जमीन दुभंगून माणसे गिळते.

त्यानंतर ल्योंचा बिशप इरेनेयस याने इ.स. 180 च्या सुमारास पाखंडांविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील 31वा अध्याय घ्यावा. मजकूर अगदी थोडा आहे आणि त्यात पंथाचे नावही नाही, म्हणून प्रत्येक वाक्य थांबून वाचावे. वहीत दोन रकाने आखून एकात मत, दुसऱ्यात आरोप लिहावा. काइन वरच्या शक्तीपासून जन्मला, जग घडवणाऱ्याने या लोकांचा द्वेष केला तरी त्यांचे काही बिघडले नाही आणि येशूला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा याने सत्य जाणून विश्वासघाताचे रहस्य पार पाडले, ही झाली मते. प्रत्येक दुष्कर्माच्या वेळी एक देवदूत हजर असतो असे ते मानतात, हे वाक्य मी आरोपाच्याच रकान्यात ठेवीन, कारण विरोधकाला नीतिभ्रष्ट म्हणणे ही त्या काळच्या वादाची नेहमीची रीत होती.

पाखंडांवरच लिहिणारा चौथ्या शतकातील बिशप एपिफेनियस याचे वर्णन अधिक लांबलचक असले, तरी तो इरेनेयसच्या ग्रंथाचा आधार घेत असल्याने ती सर्वस्वी स्वतंत्र साक्ष धरू नये.

शेवटी यहूदाचे शुभवर्तमान वाचावे. इजिप्तमध्ये 1970च्या दशकात सापडलेल्या पपायरसच्या जीर्ण हस्तलिखितातील हा कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती ख्रिस्ती लोकांच्या भाषेतील) मजकूर 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. इरेनेयसने याच नावाच्या ग्रंथाचा उल्लेख केला आहे, तरीही हा काइनपंथाचाच ग्रंथ असे घाईने ठरवू नये, कारण येथे गौरव आहे तो काइनाचा भाऊ शेथ याच्या वंशाचा. येशू यहूदाला ‘तेरावा डायमोन’ म्हणतो, तेथे किमान दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत: पहिल्या भाषांतरकारांनी त्या शब्दाचा अर्थ ‘आत्मा’ केला, तर अभ्यासक एप्रिल डीकॉनिक यांनी ‘दुरात्मा’, आणि त्यासरशी यहूदा येशूचा विश्वासू शिष्य न राहता पुन्हा घातकी ठरतो.