होडीचं इंजिन पूर्ण वेगात दम सोडतंय? या चुका टाळा

धक्क्यापाशी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. संथ चालीत तक्रार नाही, मध्यम वेगातही नाही. थ्रॉटल पूर्ण ढकलला की बोट उचल खाते, मिनिटभर पळते आणि मग आवाज खाली बसतो. थ्रॉटल जरा मागे घेतला की पुन्हा सगळं सुरळीत. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यापायी भलत्याच ठिकाणी पैसे घालवणारेही तितकेच. आधी प्लग बदलतात, मग कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज देणारी), मग कार्ब्युरेटर उघडून बसतात. दोष कित्येकदा टाकीच्या झाकणात निघतो.

काटा न बघता निदान करणं

“जोर कमी होतो” एवढ्यावरून काहीच कळत नाही. वेग पडला तेव्हा आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा कुठे होता, ते सांगा. वेग पडला आणि काटा उलट वर गेला, तर इंजिनाला दोष देऊ नका. ताकद तयार होतेय, पाण्यापर्यंत पोचत नाही. काटा आणि वेग दोन्ही पडले, तर इंजिनाची कुठेतरी उपासमार होतेय किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे. एवढं पाहिलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

काटा वर जात असेल तर पंख्याकडे (प्रॉपेलरकडे) वळा. बऱ्याच पंख्यांत पाती आणि शाफ्टवरची बाही यांच्यामध्ये रबराची बुश असते. पंखा कधी दगडावर आपटला असेल तर ही बुश सुटते. कमी जोरावर ती धरून ठेवते, जोर वाढला की आतल्या आत घसरते. बाहेरून पंखा ठणठणीत दिसतो. मागच्या बाजूने आतली बाही आणि बाहेरचं नळकांडं यांच्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढा, बोट जोरात पळवून आणा, रेघ तुटलेली दिसली की पंखा कामातून गेला. (पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात.) इंजिन फार वर बसवलं असेल किंवा ट्रिम (इंजिनाचा कल) जास्त बाहेर असेल, तर पंखा हवा ओढतो आणि वळणावर हा त्रास जास्त जाणवतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत हवी.

जमिनीवर उभं करून तपासणं

ट्रेलरवर, पाण्याची नळी जोडून इंजिन रेस केलं आणि “काही झालं नाही” म्हणून निर्धास्त झाले, असं फार होतं. भार नसताना इंजिन थोड्याशा पेट्रोलवर भराभर फिरतं, त्यामुळे हा दोष तिथे दिसणारच नाही. शिवाय भाराविना जास्त आरपीएम देणं इंजिनाला घातक. चाचणी पाण्यातच करायची आणि दोघांनी: एक सुकाणूवर, सेफ्टी कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) अंगाला लावून, दुसरा पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी बल्बपाशी.

त्या दुसऱ्या माणसाचं काम सोपं आहे. इंजिनाने दम सोडायला सुरुवात केली की बल्ब हाताने दाबत राहायचा. आरपीएम परत चढले, तर पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की. बल्ब आधीच चपटा होऊन बसलेला दिसला, तर अडथळा टाकी आणि बल्ब यांच्या मध्ये आहे. दाबूनही काही फरक पडला नाही, तर मात्र इंजिनाच्या बाजूला शोधायचं.

महाग भाग आधी, नळी शेवटी

माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. इंजिन बसल्यावर झाकण सैल केलं आणि फुस्स आवाज आला, की चोर सापडला. मग फिल्टर, मग नळीच्या जोडावरचे रबरी रिंग. जोडातून पेट्रोल गळत नाही म्हणून तो ठीक, असं समजू नका. पेट्रोल बाहेर न येताही हवा आत शिरू शकते.

नळी सगळ्यात फसवी. वरून नवीकोरी दिसते, पण आतलं अस्तर सुटलेलं असतं. इंजिन जोरात पेट्रोल ओढायला लागलं की ते अस्तर आत दुमडतं आणि वाट अडवतं. ओढ थांबली की पुन्हा जागेवर. म्हणून नळी काढून फुंकर मारली तर हवा आरपार जाते आणि आपण तिला निर्दोष सोडून देतो. जुन्या नळीवर वेळ घालवू नका, बदला.

बोटीत टाकी कायमची बसवलेली असेल, तर तिच्या तोंडाशी बहुधा अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो. आतली गोळी चिकटली की पेट्रोल तुटतं. काही जण तो काढूनच टाकतात. असं करू नका: नळी तुटली तर टाकीतलं पेट्रोल बोटीत वाहू नये म्हणूनच तो असतो. साफ करा किंवा नवा घाला.

या सगळ्यावर एकच चाचणी भारी पडते. वेगळी छोटी टाकी, तिची स्वतःची नळी-बल्ब आणि ताजं पेट्रोल. त्यावर बोट सुसाट पळाली, तर दोष बोटीकडच्या टाकीत, पेट्रोलात किंवा नळीत. तरीही बसली, तर इंजिनाकडे. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, नेमका जिथून टाकीतली नळी ओढते तिथेच.

इंजिनाकडे आलात तर एक लक्षात ठेवा: कार्ब्युरेटरमध्ये संथ चालीचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वेगळा आणि जोराच्या वेळचा मेन जेट वेगळा. त्यामुळे “संथ छान चालतं, म्हणजे कार्ब्युरेटर ठीक” हे चूक. मेन जेट तारेने टोकरू नका, पितळेचं भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

“घरापर्यंत तर जाईल” म्हणून रेटणं

टू-स्ट्रोकमध्ये ही चूक सर्वांत महाग. पेट्रोल कमी पडलं की पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि पिस्टन तापतो. ज्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, तिथे वंगणही त्याच प्रमाणात घटतं. पूर्ण थ्रॉटलवर असं चालवत राहिलात तर पिस्टनला भोक पडू शकतं. थ्रॉटल कमी करून या.

नव्या इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी. ती तापली किंवा ऑइलचा दाब घसरला की स्वतःच आरपीएम आवळतात, सोबत बझर वाजतो. अशा वेळी किल्ली बंद-चालू करून पुढे निघणं म्हणजे दुखणं वाढवणं. आधी ऑइलची पातळी आणि इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बघा. धार मंद असेल तर इंपेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारी रबरी चकती) किंवा पाण्याची वाट तपासा.

बाकीचं थोडक्यात. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण ढकला आणि झाकणाखाली पाहा, केबल झडप पूर्ण उघडते का. तळावर शिंपले चढलेत का, बोटीच्या पोटात पाणी साठलंय का, तेही बघा. नवा पंखा लावल्यापासून जोर गेला असेल, तर पिच (पंखा एका फेरीत जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त झाला असेल. पिच १ इंचाने वाढला की साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात. बऱ्याच फोर-स्ट्रोकना पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० लागतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

गरम झाल्यावरच बसणारं आणि गार झाल्यावर सुधारणारं इंजिन असेल, तर कॉइलवर संशय घ्या. पण ती तपासायची इंजिन गरम असतानाच, गार कॉइल मीटरवर अगदी निर्दोष दिसते. आणि मोठा खर्च करण्याआधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर नवीन नळी, प्लग, पंखा यांनी काही होणार नाही, इंजिन खोलावंच लागेल.