ऑटोरीड चालू असूनही विममध्ये जुनीच फाईल का दिसते, आणि परमिशन बदलल्यावर काय करायचं

विम हा टर्मिनलमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर. त्याच्या विमआरसी या सेटिंगच्या फाईलमध्ये 'सेट ऑटोरीड' लिहिलं, तरी दुसऱ्या टर्मिनलमधून बदललेली फाईल समोर जुनीच दिसते. ऑटोरीडचं काम एवढंच, की बदल सापडला तर न विचारता फाईल परत वाचायची. बदल शोधायला विम सारखा डिस्कवर जात नाही. बाहेरची शेल कमांड चालवल्यावर किंवा विमची 'चेकटाईम' ही कमांड दिल्यावर तो तपासतो.

म्हणून फोकसगेन्ड (खिडकीत परत येणं), बफएन्टर (बफरमध्ये, म्हणजे विममध्ये उघडलेल्या प्रतीत शिरणं) आणि कर्सरहोल्ड (कळ न दाबता थांबणं) या इव्हेंटना चेकटाईम आपोआप चालेल अशी ऑटोकमांड विमआरसीत लिहा. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारं साधन) 'फोकस-इव्हेंट्स' ऑन करावं लागतं, नाहीतर खिडकी बदलल्याचं विमला कळतच नाही. कर्सरहोल्ड 'अपडेटटाईम' या सेटिंगनुसार चालतो. ते मुळात 4000 मिलिसेकंद असतं, 1000 केलात तरी चालेल. पण पुढची कळ दाबेपर्यंत कर्सरहोल्ड दुसऱ्यांदा चालत नाही. त्यामुळे वाढता लॉग बघायचा असेल तर विमचा नाद सोडा, 'टेल' या कमांडला 'एफ' हा पर्याय लावा.

बफरमध्ये सेव्ह न केलेलं काही असेल, तर ऑटोरीड मध्ये पडत नाही. डब्ल्यू12 हा इशारा येतो. तिथे सवयीने 'एल' दाबलंत तर डिस्कवरची प्रत येते आणि तुमचं लिखाण बाजूला पडतं. 10000 ओळींच्या आतली फाईल असेल तर 'यू' दाबून ते परत मिळतं.

परमिशनचं थोडं वेगळं. मजकूर तोच, पण कोणी 444 (फक्त वाचता येणारी) चं 644 (मालकाला लिहिताही येणारी) केलं, तर विम डब्ल्यू16 दाखवतो. व्हर्जन कंट्रोलमधून (फाईलच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फाईल चेकआउट करताना रीड-ओन्ली बिट बदललं की हा सहसा येतो. बिनधास्त रीलोड करा. ऑटोरीड असेल तर विम विचारतही नाही. रीलोड झालं की बफरवरचं रीडओन्ली (फक्त वाचा) हे सेटिंग निघतं. रीलोड न करता सेव्ह करायला गेलात तर ई45 ही चूक येते, आणि तिथे बहुतेक जण 'डब्ल्यू' या सेव्हच्या कमांडपुढे उद्गारचिन्ह ठोकतात. ते टाळा: फोल्डरवर हक्क असेल तर विम फाईल नव्याने बनवू शकतो, मग मालक किंवा परमिशन बदललेली, किंवा सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारा दुवा) तुटलेली सापडते. बफरमध्ये बदल असतील तर आधी परमिशन खरंच बदलली का ते 'एलएस'ने बघा, मग 'सेट नोरीडओन्ली' देऊन साधं सेव्ह करा. रूटची (सिस्टीमच्या मुख्य युजरची) फाईल असेल तर 'सुडोएडिट' वापरा. ते तात्पुरत्या प्रतीवर काम करून शेवटी मूळ जागी लिहितं.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) बाहेरची एकच फाईल माउंट केली असेल, म्हणजे आत जोडली असेल, आणि बाहेरून केलेला बदल कंटेनरला दिसत नसेल, तर विममध्ये 'बॅकअपकॉपी' येस करा. नाहीतर विम जुन्या फाईलचं नाव बदलून नवी लिहू शकतो, आणि कंटेनर जुन्याच आयनोडला (डिस्कवरच्या मूळ फाईलच्या नोंदीला) धरून बसतो.

व्हीएस कोड हा दुसरा एडिटर फाईलच्या बदलांवर स्वतःच लक्ष ठेवतो. लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट उघडल्यावर 'फाईल बदलांवर लक्ष ठेवता येत नाही' असा इशारा आला, तर सिसकंट्रोल (लिनक्स कर्नलची सेटिंग) मध्ये आयनोटिफायची (फाईल बदलल्याचं कळवणारी यंत्रणा) 'मॅक्स युजर वॉचेस' ही मर्यादा 524288 करा.