अँड्र्यू मोशन वाचायला कुठून घ्यावेत

मोशन ब्रिटनचे राजकवी असतानाच्या (१९९९–२००९) प्रासंगिक कवितांपासून सुरुवात नको. तिथेच विरस होतो. आधी 'इन द ॲटिक' ही कविता घ्या. माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीतले आईचे कपडे, एवढाच विषय. घोड्यावरून पडलेली त्यांची आई मरेपर्यंत, जवळपास दहा वर्षं, सावरली नाही, हे ठाऊक असू द्या. मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. घाईत ती सपाट वाटते, कारण आवाज मुद्दाम खाली ठेवलाय. त्यांचं स्वतःचं वाचन पोएट्री आर्काइव्ह या कवींच्या ध्वनिमुद्रित वाचनांच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतं. तेही त्यांनीच सहकाऱ्यासोबत उभारलेलं.

मोशन संपादक म्हणून कळायला कवी ब्लेक मॉरिसनसोबत केलेलं समकालीन ब्रिटिश कवितेचं १९८२चं पेंग्विन संकलन उघडा. लगोलग त्यात घेतलेल्या आयरिश कवी शेमस हीनींचं पद्य-उत्तर वाचा: 'ब्रिटिश' हे लेबल त्यांनी साफ नाकारलं. मोशन यांनी लिहिलेलं कवी फिलिप लार्किनचं चरित्र (१९९३) शेवटी, जाडजूड आहे.