कोकण किनाऱ्यावर मासे गरवायला जाताना: आधी भरती, मग परवाना

सुट्टीत गावी आलेला माणूस गळ, दोरी आणि आमिषाला थोडी कोळंबी घेतो आणि सरळ खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, जाऊन बसतो. मासा मिळेल की नाही हे नंतरचं. तो सुखरूप परत यावा आणि त्याच्या हातून नियम मोडू नये, यासाठी हे सगळं. पाण्याचा विचार मुद्दाम आधी घेतला आहे. कागद नसला तर दंड भरून सुटता येतं.

१. भरतीची वेळ काढा

घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा. पक्ष कुठलाही असो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास समुद्र भरलेला. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईच्या आसपास हा हिशेब चांगला जुळतो. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तिथल्या बंदराचं वेळापत्रक पाहून खात्री करा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. नवख्याने भांगाचेच दिवस निवडावेत.

खडपावर खरा धोका बहुतेक वेळा पाठीमागून येतो. ओहोटीला आपण कोरड्या पायांनी टोकाच्या कातळापर्यंत जातो. वाटेत गुडघाभर खोल चर ओलांडलेला असतो, तो लक्षातही राहत नाही. पाणी फिरलं, म्हणजे भरती लागली, की समोरच्या कातळावर चढण्याआधी ते या चरातून आत शिरतं. बसल्या जागी सगळं कोरडंच असतं, त्यामुळे काही कळत नाही. उठेपर्यंत चर कमरेएवढा भरलेला असतो आणि त्यातल्या पाण्याला ओढ असते. म्हणून पाणी उतरत असताना जा, आणि पाणी फिरलं की गळाला कितीही मासे लागत असले तरी उठा. जाताना कुठून आलो ते मागे वळून नीट पाहून ठेवा.

बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. मोठ्या लाटा एकामागून एक अशा येतात आणि मध्ये बराच वेळ शांतता असते, तिला भुलू नका. खडकाचा जो भाग ओला दिसतो तिथवर लाट पोहोचते. शेवाळावर पाय ठरत नाही. गमबूट घालू नका, त्यात पाणी भरलं की पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घाला, एकटे जाऊ नका, आणि समुद्राकडे पाठ करून बसू नका.

२. इशारे पाहा

बंदरावर ३ नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला असेल तर त्या दिवशी बेत रद्द. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा दोन्ही बघा. दूरच्या वादळाच्या लाटा निरभ्र आकाशाखालीही येतात.

पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) गळ टाकत असाल तर पाण्यात उतरून पुढे सरकण्याचा मोह टाळा. फुटणाऱ्या लाटांच्या मधला शांत, गढूळ दिसणारा पट्टा हा बहुतेकदा समुद्राकडे खेचणारा प्रवाह असतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर या. दुसरा बुडत असेल तर उडी घेण्याऐवजी दोरी किंवा रिकामा कॅन फेका आणि स्थानिक कोळ्यांना हाका मारा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, नाहीतर ११२. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. त्यामुळे गावातला माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला तर वाद घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

३. परवाना कोणाला लागतो?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्यात परवाना नौकेला मिळतो, माणसाला नाही. किनाऱ्यावरून हौसेने गळ टाकणाऱ्याला हा परवाना काढावा लागत नाही. जागेचे नियम मात्र वेगळे. बंदराच्या धक्क्यावर आधी बंदर निरीक्षकांना विचारा. नौदलाच्या हद्दीत जाऊच नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे परस्पर गळ टाकू नका.

स्वतःची होडी असेल तर 'रियलक्राफ्ट' या पोर्टलवर आधी नौकेची नोंदणी आणि मग मासेमारीचा परवाना, असे दोन टप्पे आहेत. अडलं तर जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. मिळालेला नोंदणी क्रमांक नौकेवर ठळक रंगवा. समुद्रात जाताना त्या फेरीच्या नोंदीचं टोकन आणि प्रत्येकाचं ओळखपत्र सोबत हवं.

दुसऱ्याच्या होडीतून जाणार असाल तर तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) तीन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक, परवाना, आणि माणशी एक लाइफ जॅकेट आहे का. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी वाहतुकीची परवानगी नव्हे. पैसे घेऊन पर्यटकांना नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर बसू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा आणि वादळांचा काळ. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे, पण तेवढ्यावर विसंबून हौशी माणसाने आषाढातल्या समुद्रात जाऊ नये. बंदी उठल्यावरही अनेक कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

४. गळाला काय लागलं?

राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. त्याहून लहान मासा गळ हलक्या हाताने काढून लगेच पाण्यात सोडा. कासव अडकलं तर दोरी कापा, ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तुटलेली दोरी खडपावर टाकू नका, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

शिंगाळा या काटेरी माशाला उघड्या हाताने धरू नका, पाकटाच्या (स्टिंग रे) काटेरी शेपटीपासून लांब राहा. काटा टोचलाच तर जखम धुऊन तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाणी आधी धडधाकट हाताने तपासा, ठणक्यात चटका कळत नाही. काटा आत तुटला असेल किंवा टोचलेली जागा छाती-पोटावर असेल, तर यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.