छाटणीपूर्वी पाणी, खत आणि मोरचूद यांचा हिशेब

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे आणि उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्याची तयारीही सुरू झाली आहे, त्यामुळे शेतात येणाऱ्या धातूंचा विचार याच पंधरवड्यात व्हायला हवा. बहुतेक कीडनाशकांचे अंश कालांतराने विघटित होतात; शिसे, कॅडमिअम किंवा तांबे मात्र एकदा जमिनीत मुरले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते.

जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्याने याची फार मोठी किंमत मोजली. कामिओका येथील जस्त-शिशाच्या खाणीतून कॅडमिअम नदीत उतरत होते आणि खालच्या गावांतील शेतकरी तेच पाणी भातखाचरांना देऊन तोच भात खात होते. मूत्रपिंडे बिघडून हाडे ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या आजाराचे नाव पडले आणि त्याला बळी पडल्या त्या बहुतांशी उतारवयातील स्त्रिया. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केले, पण बाधित खाचरांची माती सुधारण्याचे काम संपायला २०१२ साल उजाडले.

नाशिकमध्ये अशा खाणी नाहीत, परंतु धातू शेतात येण्याच्या वाटा त्याच आहेत. कारखान्यांच्या किंवा शहराच्या सांडपाण्याचा नाला ज्यांच्या बांधालगत वाहतो, त्यांनी ते पाणी पालक, मेथी, कोथिंबीर यांना अजिबात देऊ नये, कारण पालेभाज्या कॅडमिअम सहज शोषतात. पाणी उकळून धातू जात नाहीत. भाजी धुतल्याने पानांवरची शिसेयुक्त धूळ निघते, पण पानात शिरलेले कॅडमिअम निघत नाही. नाल्याजवळच्या विहिरीचे पाणी घरात लहान मुले पीत असतील तर त्याची तपासणी आधी करावी, कारण अल्प प्रमाणातले शिसेही मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते.

शहरी कचऱ्यापासून बनवलेले कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खताच्या एका किलोत कॅडमिअम ५, शिसे १०० आणि क्रोमिअम ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नाल्यातला गाळ फुकट मिळतो म्हणून रानात टाकू नये.

आता मोरचुदाकडे वळू, कारण ही वाट आपण स्वतःच उघडली आहे. मोरचुदात (कॉपर सल्फेट) सुमारे २५ टक्के तांबे असते. बुरशीसाठी मोरचूद आणि चुना मिसळून केलेले एक टक्का बोर्डो मिश्रण एकरी ४०० लिटर फवारले, तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबे एका फवारणीत पडते. हेक्टरी ते अडीच किलो होते. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो, एवढीच मर्यादा घातली आहे, आणि अशा दोनच फवारण्यांत आपण ती सरासरी ओलांडतो. माझे स्पष्ट मत आहे की बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि कॉपर हायड्रॉक्साइड यांतून गेलेल्या तांब्याची एकत्र नोंद फवारणीच्या वहीत झालीच पाहिजे. मिश्रणात चकचकीत विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. ड्रम विसळलेले निळे पाणी विहिरीच्या कठड्याशी ओतण्याची सवय अनेक बागांत दिसते, ती या हंगामापासून बंद करावी. मेंढ्यांना तांबे फार लवकर बाधते, म्हणून फवारलेल्या बागेत वाडा बसवू नये किंवा तिथले गवत त्यांना चारू नये.

मृद आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतो; शिसे आणि कॅडमिअम नसते, ते प्रयोगशाळेला वेगळे सांगून तपासून घ्यावे लागते. फवाऱ्यातले तांबे वरच्या थरातच साचते, त्यामुळे ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन नमुने वेगवेगळे घ्यावेत, आणि ते जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत न मिसळता स्वच्छ प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळावेत.