शोधनिबंधातल्या आकृत्या: आधी माप, मग बाकीचं

निबंध लिहून होतो, गाईडची संमती मिळते, आणि सबमिट करायच्या आदल्या रात्री एक्सेलमधला आलेख कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला जातो. मग जर्नलचं पत्र येतं: रिझोल्यूशन कमी आहे, अक्षरं वाचता येत नाहीत. ही कटकट टाळायची तर आकृती पहिल्यापासून छापील मापातच काढायची.

१. माप ठरवा. जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा आणि कॉलमची रुंदी शोधा. 'नेचर'मध्ये एका कॉलमची आकृती साधारण ९० मिमी, दोन कॉलमची साधारण १८० मिमी. एल्सेव्हियर या प्रकाशकाकडे साधारण ९० आणि १९०. हे माप सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरा. मॅटप्लॉटलिब (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) इंचांत मोजतं, तिथे एका कॉलमसाठी रुंदी ३.५ द्या. दहा इंच रुंद आलेखावर १२ पॉइंटची अक्षरं छान दिसतात, पण तोच आलेख साडेतीन इंचांत बसवला की ती जेमतेम ४ पॉइंटची उरतात. 'नेचर'ला ५ ते ७ पॉइंट हवे असतात. मापात काढलेल्या आकृतीत सात पॉइंट म्हणजे सातच. खात्री हवी तर १०० टक्के आकारात कागदावर छापून बघा. स्क्रीनवर झूम करून काही कळत नाही.

२. फाइलचा प्रकार निवडा. रेषा आणि अक्षरांचे आलेख पीडीएफ किंवा ईपीएस अशा व्हेक्टर रूपात (पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनातून बनणाऱ्या) ठेवा, कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. फोटोंसाठी टिफ, ३०० डीपीआय (दर इंचाला इतके पिक्सेल). म्हणजे साडेतीन इंचांना किमान १०५० पिक्सेल. रेषाचित्र पिक्सेलमध्येच द्यावं लागलं तर १००० डीपीआय धरा. छोट्या स्क्रीनशॉटचा डीपीआय फोटोशॉपमध्ये वाढवून नुसता आकडा बदलतो, तपशील येत नाही. जेपेगमध्ये अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात, म्हणून आलेखांसाठी तो नकोच. आणि मॅटप्लॉटलिबची पीडीएफ आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जर्नलांच्या तपासणीत 'टाइप ३ फॉन्ट' (तिथे न चालणारा फॉन्टचा प्रकार) म्हणून अडकते. पीडीएफच्या फॉन्टटाइप सेटिंगमध्ये ४२ लिहिलं की सुटते.

३. रंग जपून. लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक, आणि रिव्ह्यूअरही, असतातच. निळा-नारिंगी जोडी घ्या, शिवाय रेषा तुटक-सलग करा, बिंदूंचे आकार बदला. विभागातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवरही मग वेगळेपण टिकतं. उष्णता-नकाशांसाठी इंद्रधनुषी 'जेट' रंगपट्टी सोडा. माहितीत नसलेल्या सीमारेषा ती डोळ्यांना दाखवते. मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये, २.० आवृत्तीपासून, मूळ रंगपट्टी म्हणून तिच्या जागी 'व्हिरिडिस' आणली.

४. विदा (डेटा) दिसू द्या. पाच-सहा नमुन्यांवर जाडजूड स्तंभ उभारणं मला पटत नाही, सगळे बिंदूच दाखवा. एकाच उंचीच्या दोन स्तंभांमागे अगदी वेगळी विदा असू शकते. स्तंभ काढलेच तर अक्ष शून्यापासून सुरू करा. रेषालेखाला ती सक्ती नाही. त्रुटी-पट्टी (एरर बार) म्हणजे प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी की ९५ टक्के विश्वास-अंतराल, हे मथळ्यात लिहा, नमुन्यांच्या संख्येसकट. त्रिमिती पाय-चार्टबद्दल न बोललेलंच बरं.

५. फोटोला हात लावताना. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. उजळपणा वाढवायचा तर पूर्ण चित्राचा, हव्या त्या पट्ट्याचा नाही. जेलच्या (प्रथिनं किंवा डीएनए वेगळे करणाऱ्या चाचणीच्या) फोटोतल्या लांबच्या दोन लेन, म्हणजे नमुन्यांचे उभे पट्टे, शेजारी आणल्या असतील तर मध्ये स्पष्ट रेघ मारा आणि मथळ्यात सांगा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंध डोळ्यांखालून घातले, त्यांतल्या ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद आकृत्या आढळल्या; तो अभ्यास २०१६ चा. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर '४०० पट' लिहू नका, चित्र लहान-मोठं झालं की तो आकडा खोटा ठरतो. मायक्रोमीटरची मापपट्टी चित्रातच टाका.

भारताचा नकाशा असेल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून घ्या. परदेशी पॅकेजांतल्या तयार नकाशांत काश्मीरची सीमा वेगळी असते.

६. मथळा. तो आकृतीखाली येतो, तक्त्याचा मात्र वर. निबंध न वाचताही आकृती कळेल इतका तो पूर्ण असावा: अ, ब, क भाग, चिन्हं, एकके, सगळं. शेवटी आकृत्यांचे क्रमांक मजकुरातल्या उल्लेखांशी ताडून बघा आणि आलेख काढणारा कोड आकृतीच्याच नावाने साठवा. रिव्ह्यूअर सहा महिन्यांनी फक्त अक्षाचं एकक बदलायला सांगतात.