गावची जत्रा आणि पंचायतीचा पैसा: हिशोब वेगळा कसा ठेवायचा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेपासून चैत्रात गावोगावी ओढल्या जाणाऱ्या बारागाड्यांपर्यंत (एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या, ज्या देवाचा भगत ओढतो), खान्देशात जत्रा आली की पंचायतीचं दप्तर आणि देवस्थानची वही एकाच टेबलावर येते. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

संविधानाचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा तो चालवण्यासाठी खास राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. त्याच वेळी कलम २५(२)(क) धर्माशी जोडलेल्या आर्थिक आणि इतर ऐहिक व्यवहारांचं नियमन सरकारकडे ठेवतं. म्हणजे पंचायतीने जत्रेकडे पाठ फिरवायची नाही, फक्त पूजेचं बिल उचलायचं नाही. खर्च मंजूर करताना एकच विचारा: ही गर्दी बैलबाजाराची असती, तरी हा खर्च लागला असता का? पाणी, दिवाबत्ती, तात्पुरते संडास, कचरा उचलणं आणि बारागाड्यांच्या वाटेवरचे बांबूचे कठडे लागलेच असते. भगताचं पागोटं, नारळ, महाप्रसाद, मंदिराची रंगरंगोटी मात्र वर्गणीतून.

ठरावाची भाषा इथे फार महत्त्वाची. ‘देवीच्या जत्रेसाठी पन्नास हजार मंजूर’ असा मोघम ठराव लेखापरीक्षकाच्या हाती आयतं कोलीत देतो, आणि आक्षेप टिकला तर वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीचा ग्रामसेवक) निघते. ‘यात्राकाळात तीन दिवस पाण्याचे रोज दोन टँकर, दहा तात्पुरते संडास, रस्त्यावर वीस दिवे’ असं लिहा, दर जोडा, बिल पुरवठादाराच्या नावाने घ्या. देवस्थान समितीच्या नावाने धनादेश काढूच नका, मग ती समिती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली का असेना. गावात उरूस भरत असेल तर तिथल्या गर्दीलाही हाच ठराव आणि हेच दर.

दुकानांच्या जागाभाड्यात भांडणं जास्त होतात. जागा पंचायतीची असेल तर पावतीही पंचायतीचीच, नमुना ७ ची (सामान्य पावती), आणि रक्कम ग्रामनिधीत. दुकानांच्या जागांच्या लिलावाचे पैसे परस्पर देवाच्या पेटीत गेले तर तो अपहारच ठरतो, भले सगळ्या गावाची त्याला संमती असो. देवस्थानच्या स्वतःच्या आवारातलं भाडं देवस्थानचं.

वर्गणी ऐच्छिकच राहू द्या. घरपट्टीसोबत शिपायाकरवी ती गोळा करणं, किंवा ‘आधी वर्गणी, मग दाखला’ हा प्रकार ताबडतोब बंद करा. सरपंचांना द्यायचीच असेल तर स्वतःच्या खिशातून द्यावी, आणि पावतीवर पद लिहू नये.

सभामंडपाचा मोह मोठा असतो. खासदार निधीतून धार्मिक स्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर काम घेता येत नाही. सभागृह हवं असेल तर पंचायतीच्या जागेवर बांधा, पंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा, भाड्याचा दर सर्वांना एकच ठेवा. सार्वजनिक रस्त्यावर, बागेत किंवा इतर सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ उभं राहू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. ओटा बांधून शेंदूर लागला की तो हलवणं किती जड जातं हे कोणत्याही तलाठ्याला विचारा. म्हणून पाया खणला जात असतानाच लेखी हरकत घ्या.

भोंग्याची परवानगी पोलिसांकडून घ्यायची. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. राज्य सरकारने ठरवलेल्या दिवसांपुरती, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. आपल्या जत्रेचा दिवस त्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

हिशोबाबद्दल शंका असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. ‘जत्रेची सगळी माहिती’ असं मागितलं तर उत्तर गोलमोल येतं. ठरावाची प्रत, खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) आणि त्या तारखांच्या नमुना ७ च्या स्थळप्रती (पंचायतीकडे राहिलेल्या पावतीच्या प्रती), एवढंच नेमकं मागा. मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.